इरूची बसणी

हात माझा भाजत होता आणि ओरडला तो.

“हौसाताई, हात! हात काढा आधी!”

मी हात काढला. चहाचं आधण ठेवून मी कधीची उभी होते कोण जाणे, पण तळवा शेगडीच्या कडेला टेकलेला होता आणि लालभडक झाला होता. मी त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तसं, आणि आधणात साखर घातली.

इरू उंबऱ्यात उभा राहून स्वतःचाच हात झटकत होता. “चांगलंच चटकलं की,” तो म्हणाला. “तुम्हाला काहीच नाही?”

“नाही.”

“कधीपासून?”

“गुणा गेला तेव्हापासून,” मी म्हणाले. गुणा बाजाराला गेलाय आणि येईलच इतक्यात, अशा आवाजात.

इरूने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ताटलीतली कालची भाकरी बघितली, परवाचीही बघितली. मग त्याला काहीतरी उमगलं असावं.

“साल उतरतेय तुमची,” तो म्हणाला. “बसतो मी.” आणि तिथंच उंबऱ्यात त्याने फतकल मारली.

आता माझे केस पांढरे झालेत आणि गुडघे कुरकुरतात. तेव्हा मी ऊनपाणी वस्तीवरची नळवाली होते. ऊनपाणी म्हणजे बर्फाच्या माळावरचं एक कढत तळं आणि त्याच्या काठाने आमची पत्र्याची घरं. त्या ग्रहावर बाकी जिकडं बघावं तिकडं बर्फ. वर बर्फ, खाली उकळतं पाणी, आणि मधली वाफ कधी कुठं बर्फ फोडून वर येईल याचा नेम नाही. तळ्याचं पाणी नळांनी घरोघर न्यायचं आणि माणसं गोठू द्यायची नाहीत, हे आमचं काम. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, गुणवंताचं. आई गेली तेव्हा तो नुकता रांगायला लागला होता. त्याला वाढवला मी, पाना धरायला शिकवला मी आणि एवढ्या लांब आणलाही मीच.

माळावर एक नळ गळत होता. सोबतीचा राखण्या यायला अवकाश होता, आणि गुणाला दम म्हणून कधी नव्हता. “ताई, हा आलोच,” म्हणून गेला. आम्ही पोचलो तोवर वाफेने बर्फात फोडलेलं तोंड त्याला आत घेऊन पुन्हा गोठून बंद झालं होतं. वर साधा ओरखडाही नव्हता. मातीला माणूसच नव्हता, मग माती कसली द्यायची? लोक आले, बसले. मी सगळ्यांना चहा केला. कुणाला साखर कमी लागते तेही मला नीट आठवत होतं.

राखणे म्हणजे ऊम लोक, त्या ग्रहाचे मूळचे रहिवासी. आपल्या खांद्याएवढी उंची, राखाडी कातडी, हाताला चार बोटं, आणि भाकरीएवढे पसरट पाय, तेही अनवाणी. शेजारच्याचं दुखणं त्यांच्या अंगाला लागतं, आणि तळपायांना बर्फाखालची वाफ कळते. म्हणून माळावर पाऊल टाकायचं तर ऊम राखण्या सोबत हवा, असा वस्तीचा पहिला नियम होता. इरू अजून शिकाऊ होता. मराठी तो भटारखान्यात शेवंता काकीच्या हाताखाली शिकला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्याला कायम फोडणी असायची.

ऊम लोक साल टाकतात. जुनी कातडी सुटायला लागली की त्यांना कढत कळत नाही, गार कळत नाही, काही लागलं तरी कळत नाही. खाणं सुटतं, बोलणं सुटतं, रंग उडतो. अशाच्या शेजारी एकाने बसायचं असतं. त्याला बसणी म्हणतात.

“नियम सोपे आहेत,” इरूने मला समजावलं. “तुम्हाला कुणी शिवायचं नाही. कोवळ्या कातडीला बोट लागलं की ती फाटते, जीव जातो. मी तुम्हाला सोडून कुठं जायचं नाही. तुमचं जे काय दुखायचं असेल ते तोवर मी धरून ठेवायचं. साल उतरली की थुमा येऊन विचारेल, कुठं दुखतंय? तुम्ही जागा सांगायची, आणि माझ्याकडून मागून घ्यायचं.”

थुमा ही त्यांची थोरली राखणी. शिकाऊंना पास-नापास करणं तिच्या हातात.

“आणि नाही मागितलं तर?”

“तर ते माझ्यापाशीच राहतं. दुसऱ्याचं दुखणं अंगात भरलेलं असलं की पायांना बर्फ कळत नाही. मग मी राखण्या होत नाही. खाली गुहेत शेवाळ खुडायचं, जन्मभर.” तो खाली बघत पाय चोळू लागला. “मला माळ आवडतो.”

“म्हणजे ही तुझी परीक्षा?”

“एकच असते. पहिली तीच आणि शेवटची तीच.”

‘बाबा रे, माणसाला साल नसते,’ हे मी त्याला त्याच वेळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. एक तर बोलायचा कंटाळा आला होता. दुसरं म्हणजे, मला कुणी शिवायचं नाही हा नियम मला फार सोयीचा वाटला.

त्याची प्रचिती दुपारीच आली. शेवंता काकी पिठलं-भात घेऊन आली, आणि पिठलं-भात हे नुसतं निमित्त होतं हे सगळी वस्ती जाणत होती. ज्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही तिला गळ्यात पडून रडवायची, नाहीतर दुःख आत साचून माणूस कामातून जातं, हे काकीचं शास्त्र. काकीने आजवर कितीतरी जणींना रडवून मोकळं केलं होतं. दारातूनच तिने सूर लावला.

“आगं माझ्या हौसे! कसा गं सोन्यासारखा भाऊ...”

“काकी, तिथंच थांबा,” इरू दोन्ही हात पसरून आडवा झाला. “शिवायचं नाही.”

“सरक बाजूला, मुडद्या! पोरीला रडू दे एकदा.”

“फाटेल ती.”

“काय फाटंल?”

“कातडी.”

काकीने डबा खाली ठेवला आणि कंबरेवर हात घेतले. “आरं, तुझ्या जातीला साल आसंल. ही माणसाची जात हाय. हिला कुणीतरी पोटाशी धराया पायजे.”

“मरेल ती!” इरू असा काही किंचाळला की काकी दोन पावलं मागेच सरली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हौसे, तू तरी सांग की गं ह्याला.”

मी म्हणाले, “काकी, पिठल्यात मीठ जास्त झालंय का बघा, मला चव कळत नाहीये.”

काकी माझ्याकडे बघत राहिली. तिचेच डोळे भरून आले. पदर तोंडाला लावून ती गेली, आणि मला तिची कीवसुद्धा आली नाही. काहीच आलं नाही. इरूने पिठल्यात बोट बुडवून ते फार कढत नाही याची खात्री केली आणि ताटली माझ्यापुढे सरकवली.

दिवस असेच चालले. मी भिंतीकडे बघत बसायची, तो माझ्याकडे. माझं पाणी आधी त्याच्या मनगटावर पडायचं, मग मला मिळायचं. मी कोट न घालता दाराशी गेले की तो कुडकुडायचा. हळूहळू त्याचं खाणं कमी झालं. तो अधूनमधून गळा चोळू लागला.

“काय झालं?” मी एकदा विचारलं.

“काही नाही. धरलंय.”

“काय धरलंयस?”

“काय ते मला माहीत नाही. तुमचं आहे. जड आहे.” तो कसाबसा हसला. “पण धरेन मी. तुम्ही सावकाश होऊ द्या.”

तेव्हा मला वाटलं, पोराला विनाकारण शिक्षा नको. मी म्हणाले, “माझी पाठ दुखतेय रे. चल, दे माझं. म्हण थुमाला, झालं.”

तो ताठ बसला. डोळे मिटले, थोडा वेळ थांबला, मग मान हलवली. “नाही गेलं. तुमची पाठ दुखत नाहीये, हौसाताई.”

“मग गुडघा.”

“नाही.”

“मग तूच सांग ना कुठं ते!”

“मी सांगून चालत नाही,” तो रडवेला होऊन म्हणाला. “तसं चाललं असतं तर सगळेच पास झाले असते.”

एका सकाळी पूर्वेकडच्या घरांत पाणी कोमट यायला लागलं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. माळावरचा तो नळ अजून गळत होता. गुणाने हातात घेतलेलं काम तसंच पडलं होतं, आणि मला ते सांगायची कुणाची जीभ रेटत नव्हती. मी कोट चढवला, बूट घातले, माळावरच्या विरळ हवेत लागते ती श्वासाची पेटी पाठीला लावली आणि पान्याची पिशवी उचलली.

इरू धडपडत उठला. “साल उतरताना माळावर जात नाहीत!”

“नळ गळतोय.”

“थुमाला येऊ द्या. दुसरा राखण्या येऊ द्या. माझे पाय सध्या बधिर झालेत, मला नीट कळत नाहीये.”

“मग तू थांब घरी.”

“मला थांबता येत नाही!” तो म्हणाला. समोरून शेवंता काकी भांडी घेऊन चालली होती. तिला त्याने ओरडून सांगितलं, “काकी, थुमाला बोलवा! पळा!” काकीने भांडी तिथंच टाकली आणि पदर खोचला.

मी तोवर वाटेला लागले होते. इरू माझ्या पुढं झाला. एकेक पाऊल टाकायचा, तळवा दाबून धरायचा, कपाळाला आठ्या घालून ऐकल्यासारखं करायचा आणि मग पुढचं पाऊल. एरवी राखणे या माळावरून आपल्या अंगणात हिंडावं तसे हिंडतात. हा चाचपडत होता, आणि त्याला चाचपडायला लावणारं ओझं माझं होतं. हे मला कळत होतं. नुसतं कळत होतं, बाकी काही होत नव्हतं.

नळाचा सांधा सैल झाला होता. गुणाने अर्धे आटे फिरवलेले दिसत होते. मी उरलेले फिरवले. पाणी गळायचं थांबलं. काम झालं, आता उठायचं. पण नळापासून हाकेच्या अंतरावर बर्फाचा एक तुकडा बाकीच्यापेक्षा जरा निळसर होता. नवा बर्फ निळा असतो. मी तिथवर गेले आणि पान्याची पिशवी खाली टाकून तिच्यावर बसले.

“हौसाताई, चला.”

“हं.”

“चला ना. काम झालं.”

मला मरायचं होतं असं नाही. मला उठायचं नव्हतं, एवढंच. जगात कुठं बसायचं असेल तर ते इथं, असं वाटलं आणि मी बसून राहिले. इरूने खाली पाय दाबला, मग दुसरीकडे दाबला, आणि त्याचा रंग पालटला.

“वाफ आहे,” तो म्हणाला. “खाली आहे. वर येतेय. मला आधी कळलीच नाही. उठा, हौसाताई, उठा लवकर!”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्या दंडाकडे हात नेला आणि मध्येच आखडता घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला. त्याला मला ओढता येत होतं. तो दिसायला एवढासा, पण ऊम लोक ताकदीचे. नुसतं धरून फरपटत नेलं असतं तरी मी गेले असते. पण त्याच्या लेखी माझी कातडी कोवळी होती आणि त्याचं बोट लागताच मी मरणार होते. त्यामुळे तो माझ्यासमोर हात बांधून नुसता उभा राहिला.

बर्फ घामेजला. मग त्यावर पाणी साचलं. त्या पाण्याला बारीक बुडबुडे यायला लागले.

“तू जा,” मी म्हणाले.

“मला सोडून जाता येत नाही.”

“अरे, जा ना!”

“तुम्ही उठा. मग दोघं जाऊ.” हे तो अगदी समजुतीच्या सुरात बोलला, पण त्याची हनुवटी उडत होती. माझं लक्ष खाली गेलं. माझ्या पायांत जाड तळाचे बूट होते. त्याचे पाय उघडे होते, घोट्यापर्यंत त्या उकळत्या पाण्यात. तो एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होता, आणि तो टेकवावाच लागला की पहिला उचलत होता. पण जागचा हलत नव्हता. तळव्याच्या कडेची कातडी सुटून पाण्यावर तरंगायला लागली होती.

“इरू, तुझे पाय!”

“हो,” तो म्हणाला. “ते असू द्या. तुम्ही उठा.”

आणि माझे तळपाय पेटले.

मी खोटं सांगत नाही. माझे बूट आतून कोरडे होते, नंतर मी काढून बघितले. पण त्या क्षणी माझ्या दोन्ही तळव्यांतून अशी कळ उठली की ती गुडघ्यातून, मांडीतून थेट डोक्यात गेली. मी बोंब मारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या तोंडातून आवाज म्हणावा असा आवाज निघाला. मी उठले, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून कडेवर मारला.

“शिवू नका!” तो हातपाय झाडत ओरडला. “मराल! सोडा मला, मराल तुम्ही!”

“गप बस, मेल्या!”

मी पळाले. बर्फावरून घसरत, पडत, पुन्हा उठत, त्या धडपडणाऱ्या पोराला छातीशी आवळून मी जी पळाले ती नळापाशी येऊन कोसळले. पाठीमागे माळ फुटला. निळा बर्फ घराएवढा उंच उडाला आणि पांढऱ्या वाफेचा खांब आभाळात गेला. आमच्या अंगावर कोमट पाणी आणि बर्फाचे खडे पडत राहिले.

वाफ निवळली तेव्हा थुमा समोर उभी होती. तिच्या मागे घसरगाडी घेऊन दोन राखणे आणि धापा टाकणारी शेवंता काकी. इरू माझ्या मांडीवरून सरकून खाली बसला. त्याने माझे दंड बघितले, मान बघितली. कुठंही फाटलं नव्हतं.

“फाटली नाही,” तो चक्रावून म्हणाला.

“माणसाला साल नसते, बाबा.”

मग त्याने थुमाकडे बघितलं आणि मान खाली घातली. “म्हणजे ही बसणी खोटी. मी चुकीच्या माणसापाशी बसलो.”

थुमा म्हातारी होती आणि हळू बोलायची. “तू काही धरलं आहेस का?”

“हो.”

“कुणाचं?”

“यांचं.”

“मग खोटी कशी?” ती वाकली, त्याचे पाय हातात घेऊन तिने उलटसुलट बघितले. “पाय येतील. पुढच्या सालीला नवे येतील. पण आत जे धरलंय ते तसंच राहिलं, तर नव्या पायांचाही उपयोग नाही.” मग ती माझ्याकडे वळली. “हौसा, कुठं दुखतंय?”

“याच्या पायांत,” मी म्हणाले.

मागचे दोघे राखणे एकमेकांकडे बघू लागले. असं उत्तर त्यांनी ऐकलं नसावं. थुमा मात्र हसली नाही आणि रागावलीही नाही.

“ते त्याचं झालं,” ती म्हणाली. “तुझं?”

मी शोधलं. खरंच शोधलं. पायांतली कळ ओसरत चालली होती आणि तिच्यामागून काहीतरी वर येत होतं, मला नको असलेलं, आणि मी ते पुन्हा खाली दाबायला बघत होते. तसं दाबता आलं असतं. सवय झाली होती. मी इरूकडे बघितलं. पाय सोलून निघाले होते, तरी त्याचे हात पायांकडे गेलेच नव्हते. दोन्ही हातांनी त्याने गळा धरला होता. श्वास घ्यायलाही त्याला कष्ट पडत होते, आणि माझी नजर जाताच त्याने हात पटकन खाली घेतले, आपण काही सुचवतोय असं मला वाटू नये म्हणून.

किती दिवस हे पोर माझ्या भावाला गळ्यात घेऊन बसलं होतं.

“गळ्यात,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “इथं गळ्यात दुखतंय. दे इकडं, इरू. माझा भाऊ आहे तो.”

इरूने मोठा श्वास घेतला, अगदी पोटातून. शेवंता काकी पुढं आली, आणि या वेळी तिला कुणी अडवलं नाही.